बोयाला रंग कुठला मारू, हे विचारायच्या आधी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. गोव्यात मांडवी नदीच्या मुखाजवळ, नेरूलच्या बाजूला तुमच्या दोन फायबरच्या बोटी आहेत, पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेता. ऑक्टोबरात बोटी बांधून ठेवायला दोन नवे कोरे मूरिंग बोये टाकले, नारिंगी प्लॅस्टिकचे, दीड फुटी गोल, खाली १२ एमएमची गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली, साखळी. जानेवारी उजाडेपर्यंत बोया अर्ध्याहून जास्त बुडला, आणि खालून हात फिरवला तर करवत. दुकानदार म्हणतो कॉपरचा अँटीफाउलिंग, म्हणजे शिंपले चढू न देणारा, रंग मारा, बोयालाही आणि साखळीलाही. शेजारचा तांडेल म्हणतो रंगात मिरचीपूड घाला. आणि तुम्ही विचारताय की यातलं काय करू, आणि एकदा केलं की किती वर्षं बघायला नको.

शेवटचं आधी घेतो. बघायला नको असा उपाय आपल्या पाण्यात मला २२ वर्षांत सापडला नाही. मांडवी, झुआरी, शापोरा इथे मूरिंग टाकणं, उचलणं, तुटलेलं शोधणं हाच माझा धंदा, त्याआधी खाणीचा माल वाहणाऱ्या बार्जवर होतो. शिंपले चढणारच. तुम्ही ठरवू शकता ते एवढंच की कधी काढायचे, किती चढू द्यायचे, आणि खर्च कुठल्या भागावर करायचा. आणि माझं स्पष्ट मत, बोया बुडतोय ही तुमची खरी अडचण नाहीच. बोया डोळ्यांना दिसतो म्हणून त्याची काळजी वाटते. बोट जाते ती बोयाखालच्या शॅकल (पिनेने बंद होणारी जोडकडी) आणि स्विव्हल (गोल फिरणारा सांधा) यांच्यामुळे, जे शिंपल्यांच्या आत दडून बसलेले असतात.

आता बोया का बुडला ते बघू, कारण यात थोडं गणित आहे आणि ते कामाला येतं. दीड फुटी म्हणजे ४५ सेंटिमीटरचा गोल बोया, त्याचं आकारमान साधारण ४८ लिटर, म्हणजे पूर्ण बुडवला तर ४८ किलोच्या आसपास वजन तो पेलणार. १२ एमएमची साखळी मीटरला सव्वातीन किलोच्या आसपास. पाण्यात लोखंडाचं वजन हवेतल्यापेक्षा साधारण १३ टक्के कमी भरतं. समजा ६ मीटर साखळी लटकतेय, म्हणजे १७ किलो, वर बोयाचं स्वतःचं चार-पाच किलो. म्हणजे नवा बोया जेमतेम अर्ध्याच्या आत बुडून तरंगायला हवा, आणि तुम्ही पाठवलेल्या पहिल्या फोटोत तसाच दिसतोय.

आता गंमत बघा. गोलाच्या मधल्या भागात बोया १ सेंटिमीटर खाली गेला की साधारण दीड-पावणेदोन किलो वजन वाढलं असं समजायचं. तो ८ सेंटिमीटर खाली गेला असेल तर १२-१३ किलो. हे पाण्यातलं वजन बरं का, तोच माल वर काढला की दोन माणसांना उचलत नाही. म्हणून मी प्रत्येक नव्या बोयावर पर्मनंट मार्करने नाहीतर रंगाने आडव्या रेघा मारतो, पाण्याच्या रेषेपासून वर दर २ सेंटिमीटरला एक. बोटीतून जाताजाता नुसतं बघितलं की कळतं, पाण्यात उतरायला नको. फक्त एक चूक करू नका. भरतीला जास्त साखळी उचलली जाते, सुकतीला ती तळावर पडून राहते. आपल्याकडे उधाणाला भरती-सुकतीत २ मीटरच्या आसपास फरक पडतो, म्हणजे साखळीचंच साडेपाच किलो इकडचं तिकडे, म्हणजे रेघांवर साडेतीन सेंटिमीटर. तेव्हा वाचन नेहमी सारख्याच पाण्याला घ्यायचं, मी भरती पूर्ण भरली की घेतो, आणि बोट बांधलेली नसताना. नाहीतर एका वारी वाटेल शिंपले वाढले आणि दुसऱ्या वारी वाटेल गळून पडले.

हे चढतं कसं ते थोडक्यात. स्वच्छ वस्तू पाण्यात टाकली की काही तासांत जिवाणूंचा थर बसतो, दोन-चार दिवसांत बुळबुळीत शेवाळ, ज्याला आम्ही चिकट म्हणतो. मग बार्नॅकलची पिल्लं येतात. बार्नॅकलला सगळे शिंपला म्हणतात पण तो कोळंबी-कुर्ल्यांच्या जातीतला. त्याचं पिल्लू पोहत येतं, पृष्ठभागावर चालत फिरून जागा पसंत करतं आणि डोकं खाली करून स्वतःला सिमेंटने चिकटवून घेतं, मग जन्मभर तिथेच. आठवड्या-दोन आठवड्यांत तांदळाच्या कणीएवढे ठिपके दिसतात. आपलं पाणी वर्षभर कोमट, २७-३० डिग्रीच्या आसपास, त्यामुळे थंडीत वाढ थांबली वगैरे प्रकार इथे नाही. काही आठवड्यांत तेच बार्नॅकल स्वतः पिल्लं सोडायला लागतात. त्यांच्यावर मग कालवं, शिनाणे (धाग्यांनी चिकटणारे लांबट शिंपले), गवत, सगळा संसार.

हे जागेवर किती अवलंबून आहे ते सांगितल्याशिवाय पुढे जात नाही, कारण लोक रत्नागिरीचा किंवा मुंबईचा अनुभव इथे लावतात आणि फसतात. मांडवीच्या मुखाशी डिसेंबर ते मे पाणी जवळजवळ समुद्राइतकं खारट, तिथे बार्नॅकल आणि शिनाणे दोन्ही जोरात. रायबंदरकडे सरकलात की गाळ जास्त, कालवं जास्त. त्याहून वर आमोण्याच्या बाजूला पावसाळ्यानंतरचे काही महिने जवळजवळ काहीच चढत नाही. मी बार्जवर होतो तेव्हा हे डोळ्यांनी बघितलंय. बार्ज वर गोड्या पाण्यात माल भरायला जायची, खाली मुरगावला खाऱ्यात रिकामी व्हायची, परत वर. तळाला फारसं काही टिकायचंच नाही, जे खाऱ्यात चढायचं ते गोड्यात मरायचं. २०१२ साली खाणी बंद झाल्या आणि बार्जी जागच्या जागी उभ्या राहिल्या, मग एकेकीचा तळ बघायचा, बाग नुसती. जी वस्तू एका जागी स्वस्थ उभी राहते तिच्यावर जास्त चढतं, आणि बोयाइतकी स्वस्थ वस्तू दुसरी कुठली.

यावरूनच रंगाचं उत्तर निघतं. बोटीसाठी जे अँटीफाउलिंग विकतात त्यातले बरेचसे स्वतः झिजणारे असतात, म्हणजे बोट चालली की पाण्याच्या घासण्याने वरचा पापुद्रा जातो आणि खालचं ताजं तांबं उघडं पडतं. बोया कुठे चालतो? त्याला नदीच्या वाहत्या पाण्याचं जे काय घासणं मिळेल तेवढंच. मुखाशी ओढ चांगली असते म्हणून थोडा उपयोग होतो, आतल्या शांत फाट्यात तोच रंग दोन महिन्यांत चिकटाखाली झाकून जातो आणि मग तांबं बाहेर येतच नाही. म्हणजे रंग खोटा नाही, जागा त्याची नाही.

आणि तुमच्या बाबतीत त्याच्याही आधीची गोष्ट. तुमचा बोया पॉलिइथिलीनचा दिसतोय, बादल्या-टाक्यांचं मटेरियल. त्याच्यावर रंग धरतच नाही. पाण्याचे चार थेंब टाकून बघा, मण्यांसारखे गोळा होऊन घरंगळले की समजा रंगही तसाच सुटणार. सँडपेपर मारून, आगीची ज्योत फिरवून, खास प्रायमर लावून करणारे आहेत, पण ज्योत एक सेकंद जास्त झाली की बोयाला खड्डा पडतो. मी दोनदा केलं, दोन्हीदा डिसेंबरात रंगाची सालं आणि बार्नॅकल एकत्रच हातात आली. प्लॅस्टिकच्या बोयाला रंग मारायचे पैसे वाचवा आणि त्याच पैशांत तिसरा बोया घ्या, का ते पुढे सांगतो.

लोखंडी बोया असेल तर गोष्ट वेगळी. तिथे रंग मारावाच लागतो, पण तांब्याचा रंग उघड्या लोखंडावर किंवा गॅल्व्हनाइजवर थेट मारायचा नाही. खाऱ्या पाण्यात तांबं आणि जस्त-लोखंड एकमेकांना चिकटले की जस्त आणि लोखंड खाल्लं जातं. आधी घासून इपॉक्सी प्रायमरचे दोन-तीन हात, अखंड, मग वर अँटीफाउलिंग. डबा उघडल्यावर तळापासून पाच-दहा मिनिटं ढवळा, तांबं जड असतं, खाली बसतं, न ढवळता मारलात तर पहिल्या बोयाला नुसतं पाणी आणि शेवटच्या बोयाला सगळं तांबं. पाण्याच्या रेषेवर एक हात जास्त. हे सगळं नीट केलं तर माझ्या हिशोबाने ऑक्टोबर ते मे एक सीझन बरा जातो, चौथ्या महिन्यापासून चिकट धरायला लागतोच.

साखळीला रंग? अजिबात नको. दुकानदाराने हे सांगितलं असेल तर त्याने कधी साखळी उचललेली नाही. कडी कडीवर घासते, पहिल्या आठवड्यात सांध्यातला रंग जातो, आणि मग गॅल्व्हनाइजला तांबं लागून तुमचीच साखळी तुम्ही खायला घातलीत. शिवाय तांब्याचा चुरा नदीत पडतो तो वेगळाच. आपल्या नद्यांत सुकतीला बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून तिसऱ्या काढतात, चिखलीच्या खाडीत अजून ते खिडकीच्या काचेसारखे चपटे शिंपले मिळतात, जे जुन्या घरांच्या खिडक्यांत बसवायचे. त्याच पाण्यात आपण किती विष सोडायचं याला काहीतरी मर्यादा हवी. जुने पेंटर म्हणतात पूर्वीचा रंग भारी होता, दोन-दोन वर्षं काही चढायचं नाही. खरंय, त्यात टिन होतं, टीबीटी. त्याने परदेशात कालवांची कवचं वेडीवाकडी झाली, समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटले, म्हणून २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २००८ पासून तो लागू आहे. कुणी जुना डबा काढून देत असेल तर हात लावू नका.

मिरचीपूड. हसू नका, मीही करून बघितलंय. एकाच जागी दोन लोखंडी बोये, एकाच डब्यातला रंग, एकात घरची बेडगी अर्धा किलो. सहाव्या आठवड्यात दोन्हीवर सारखेच बार्नॅकल. फरक एवढाच की रंगवणाऱ्या पोराचे डोळे दोन दिवस चुरचुरत होते आणि घरात मला बोलणी बसली. तसंच लॅनोलिनचं वंगण, पाण्याखाली काही आठवडे बरं टिकतं पण वरचा भाग उन्हात वितळून बोटीला, दोराला, पर्यटकांच्या कपड्यांना. बोयाच्या खालच्या अर्ध्या भागाला प्लॅस्टिकचा पातळ कागद घट्ट गुंडाळायचा आणि शिंपले चढले की कापून टाकायचा, हीही युक्ती आहे आणि ती खरंच चालते, पण एका लाटेच्या रात्रीत माझे तीन कागद फाटून नदीत गेले, तेव्हापासून बंद केलं. सिलिकॉनचे महागडे रंग मिळतात, ज्यावर पकड बसत नाही, पण ते चालत्या जहाजासाठी, वेगाने पाणी घासलं की माल गळून पडतो. बोयावर तो गळत नाही, मात्र स्पंजने पुसला तरी निघतो. ज्याच्याकडे पैसे आहेत आणि दर पंधरा दिवसांनी स्पंज मारायची चिकाटी आहे त्याने करावं, असा माणूस मला अजून भेटायचाय.

मग मी काय करतो. दोन मूरिंग असतील तर तीन बोये ठेवतो, आणि वरच्या २ मीटर साखळीचे तीन तुकडे, प्रत्येकाला आपापले शॅकल आणि स्विव्हल. सगळ्यात जास्त माल या वरच्या भागातच चढतो. ऑक्टोबर ते डिसेंबर दर चार आठवड्यांनी आणि नंतर दर सहा आठवड्यांनी एक बोया त्याच्या तुकड्यासकट काढायचा, तिसरा तिथे लावायचा, काढलेला घरी. दोघांचं काम, सुकतीला पाणी थांबलेलं असताना पाऊण तास. बोटीवर काढल्या काढल्या, ओला असतानाच प्रेशर वॉशर मारायचा किंवा फावड्याच्या पात्याने खरवडायचा. ओला चिकट लोण्यासारखा निघतो, उन्हात वाळला की तोच चामड्यासारखा. बार्नॅकल मात्र ओले असतानाही तळाचा पांढरा गोल छाप सोडून जातात, त्याच्या मागे फार लागू नका, प्लॅस्टिकला ओरखडे पडतात आणि खरबरीत पृष्ठभागावर पुढची पिल्लं आणखी खुशीत बसतात. मग पंधरा दिवस कडकडीत ऊन. जे उरलंय ते मरतं, आणि तुकडा परत पाण्यात जायला तयार. विष नाही, रंग नाही.

खरवडलेला माल किनाऱ्यावर टाकू नका, दुसऱ्या दिवशी अख्खा वाडा तुमच्या नावाने बोटं मोडेल. माझ्याकडे माडांच्या आळ्यात खड्डा करून पुरतो, माडाला मीठ चालतं. तांब्याचा रंग असलेल्या बोयाचा चुरा मात्र माडाला नाही, तो वेगळा पोत्यात.

खालची लांब साखळी दर वेळी उचलायला जमत नाही, तिच्यासाठी साधी युक्ती. जुन्या साखळीचा हातभर तुकडा घ्या, दोन्ही टोकांना दोर बांधा, तो उभ्या साखळीभोवती एक फेरा घालून खाली सोडा आणि बोटीवरून दोन्ही दोर आलटून पालटून ओढा, करवत चालवल्यासारखे. बार्नॅकल फुटल्याचा कर्र आवाज वर बोटीत ऐकू येतो. पाण्यात उतरावं लागत नाही, आणि मांडवीत खाली उतरून दिसतं तरी काय, स्वतःचा हात दिसत नाही.

एक गोष्ट उलटी वाटेल पण लक्षात ठेवा. साखळी वर काढल्यावर शिंपल्यांनी भरलेला भाग बघून लोक घाबरतात आणि स्वच्छ चकाकणारा भाग बघून खूश होतात. तो चकाकणारा भाग म्हणजे जिथे साखळी भरती-सुकतीबरोबर तळावरून उचलते आणि आपटते ती जागा. तिथे शिंपले टिकत नाहीत कारण तिथे लोखंडच टिकत नाही. जाडी मोजायचा व्हर्नियर तिथे लावायचा, कडीच्या वळणावर, जिथे दुसरी कडी बसते. १२ ची १० झाली की मी तो तुकडा बदलतो, कुणी काहीही म्हणो. आणि त्याच्याही खाली, चिखलात पुरलेली साखळी काळी पडते, कुजक्या अंड्यांचा वास येतो, तिथे हवेशिवाय जगणारे जिवाणू लोखंड खातात. ती वर्षातून एकदा तरी वर यायला हवी.

आता शॅकल-स्विव्हलबद्दल, ज्यासाठी खरं तर एवढं लिहायला बसलो. २०१४ च्या फेब्रुवारीतली गोष्ट, मूरिंग माझंच टाकलेलं, दोष माझाच. गिऱ्हाइकाचा बोया छान तरंगत होता, कारण मी तो जरा मोठाच दिला होता, २ फुटी, ११० लिटरच्या वरचा. म्हणजे कितीही माल चढला तरी बुडताना दिसणार नाही. पाच महिने कुणी बघितलं नाही. एका रविवारी पहाटे फोन आला, बोट कठड्यापाशी वाळूवर बसलीय. बोया जागेवर, बोटीचा दोर पिळून पिळून तुटलेला. खालची साखळी वर घेतली तर शिनाण्यांचे घोस, मांडीएवढे जाड. माझ्याबरोबरचा पोरगा म्हणाला, "पात्रांव, ही साखळी न्हय, हो शिनाण्यांचो हार." हातोडीने ठोकत ठोकत आत गेलो तेव्हा स्विव्हल सापडला. त्याच्या फिरायच्या फटीत बार्नॅकल बसून आतल्या आत वाढले होते, स्विव्हल गच्च, वेल्डिंग केल्यासारखा. बोट प्रत्येक भरती-सुकतीला गोल फिरत होती, स्विव्हल फिरत नव्हता, सगळा पीळ दोरात. आणि शॅकल उघडला तर १६ एमएमची पिन मध्ये पेन्सिलीएवढी राहिली होती. दोर तुटला नसता तर आठवडाभरात पिन तुटली असती. बार्नॅकलच्या तळाखाली हवा पोचत नाही, तिथे लोखंड बाहेरच्यापेक्षा लवकर सडतं, वरून मात्र सगळं पांढरंशुभ्र कवच.

तेव्हापासून मोठा बोया देताना मी विचार करून देतो. बोया थोडा बुडायला लागणं ही आपल्याला मिळणारी फुकटची सूचना आहे, ती बंद करू नये. स्विव्हल बोयाच्या लगेच खाली लावतो, हात पोचेल असा, आणि प्रत्येक फेरीला दोन्ही हातांनी पूर्ण दोन वळसे फिरवतो. ग्रीस भरून ठेवा म्हणतात, पण पाण्यात ते किती दिवस. फिरवणं हेच ग्रीस. शॅकलची पिन गॅल्व्हनाइज्ड तारेने बांधायची. सगळी साखळी गॅल्व्हनाइज्ड आणि त्यात एखादा चकचकीत स्टेनलेसचा शॅकल लावायचा मोह होतो, करू नका, शेजारची कडी मरते.

बोटीला बांधायचा दोर शक्यतो पाण्याबाहेर राहील असा लावा. दोरावर शिनाणे बसले की त्यांचे धागे पेडांच्या आत शिरतात, आणि बार्नॅकलची धार दोराला आतून कापते. पाण्यात राहणारा भाग जाड रबरी होजमधून घाला, होजवर माल चढतोच पण तो खरवडता येतो, दोर खरवडता येत नाही.

पावसाळ्याचं. तुमचा सीझन मेअखेर संपतोच, तेव्हा बोये, साखळी सगळं वर काढा, खाली फक्त सिंकर, म्हणजे तळाचं वजन, आणि त्याची तळाची साखळी. जूनच्या पुरात वाहून येणारी झाडं आणि जलपर्णीच्या चटया बोयाला अडकून सिंकरसकट ओढतात, हे शिंपल्यांपेक्षा मोठं संकट. खुणेला पातळ नायलॉनचा दोर आणि छोटा फ्लोट ठेवा, शिवाय जीपीएसवर जागा नोंदवा. नायलॉनच हवा, तो बुडतो, पॉलिप्रोपिलीन तरंगतो आणि कुणाच्या तरी पंख्यात जातो. पाऊस जोरात लागला की मुखाशीही वरचं पाणी गोडं होतं आणि खाऱ्यातले बरेच जीव मरतात, म्हणून काही लोक बोया तसाच ठेवतात, पाऊसच साफ करील म्हणून. मरतात खरे, पण कवचं तिथेच राहतात, आणि मधे दोन-तीन आठवडे पावसाने ओढ दिली की त्या रिकाम्या कवचांवर नवी पिल्लं बसतात. सप्टेंबरात तुम्हाला जुन्यावर नवं असं दुमजली मिळतं. आणि पुन्हा टाकताना घाई नको, बोट पाण्यात उतरेल त्याच आठवड्यात टाका, रिकामा बोया महिनाभर आधी टाकणं म्हणजे बार्नॅकलना आगाऊ भाडेपट्टा. जागा थोडी वर सरकवायचा विचार असेल तर तोही वाईट नाही, पण कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या, म्हणजे सरकारी बंदर खात्याच्या, ऑफिसात विचारूनच, बोटींच्या वाटेत टाकलात तर उचलायला लावतील.

हातमोजे जाड घाला, सुती नकोत. बार्नॅकलचा काप छोटा दिसतो पण खोल असतो आणि चिघळतो, गोड्या पाण्याने आणि साबणाने लगेच धुवा, दुसऱ्या दिवशी लाल होऊन ठणकलं तर डॉक्टर. आणखी एक, बोयाखालचा माल खायला कालुंदर मासे येतात, कालुंदरांमागे गळवाले येतात, आणि त्यांचे तुटलेले गळ शिंपल्यांत अडकून राहतात. मागच्याच महिन्यात माझ्या अंगठ्यात एक गेला, मोज्यातून आरपार. कोयता फिरवल्याशिवाय हात घालू नका.

तुमच्यासाठी आत्ता, या आठवड्यात करायचं एवढंच. रंग विकत घेऊ नका. भांगाच्या दिवसांत, ओढ कमी असताना, सुकतीला दोन माणसं घेऊन जा, एक बोया वर घ्या, बोयाखालचा पहिला शॅकल हातोडीने साफ करून उघडा आणि पिन बघा, स्विव्हल हाताने फिरतोय का बघा. दुसऱ्या बोयाचंही तसंच, एक बरा निघाला म्हणून दुसरा सोडू नका. पिनचा फोटो शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून टाका, म्हणजे जाडी कळेल, बदलायची की मेपर्यंत चालेल ते सांगतो. साखळी किती मीटर टाकलीय आणि सिंकर किती किलोचा ते तुम्ही लिहिलेलं नाही, तेही सांगा, कारण दोन बोटी शेजारीशेजारी फिरताना एकमेकींना लागत असतील तर ती भानगड वेगळीच आहे.